२.९ गुणांचा फरक: एका लघुप्रबंधाच्या चौथ्या प्रकरणाचा अभ्यास

लघुप्रबंधाचं चौथं प्रकरण माझ्यासमोर होतं. तक्ता क्रमांक ७ च्या खाली दोन वाक्यं होती. "पी-मूल्य ०.०४१ आल्याने शून्य परिकल्पना फेटाळण्यात येत आहे. म्हणजेच संशोधन परिकल्पना सत्य असण्याची शक्यता ९५.९ टक्के आहे."

शून्य परिकल्पना म्हणजे "दोन गटांत फरक नाही" हे गृहीत. पहिलं वाक्य नियमाला धरून होतं. दुसरं साफ चूक होतं. आणि ते लिहिणारी विद्यार्थिनी हुशार होती, संशोधन पद्धतीच्या पेपरात तिला उत्तम गुण होते, दोन गटांच्या सरासऱ्यांची तुलना करणाऱ्या टी-चाचणीचं सूत्र ती न बघता मांडायची. म्हणून मला त्या वाक्यापाशी थांबावं लागलं. ज्या वर्गात ती हे शिकली तो वर्ग मीच घेतला होता. पुढचे तीन आठवडे आम्ही दोघींनी जे केलं ते सविस्तर नोंदवते आहे, कारण सामाजिक शास्त्रांत अनुमानाचं संख्याशास्त्र शिकताना मुलं नेमकी कुठे अडतात हे मला या एका प्रकरणातून जेवढं कळलं तेवढं आधी कधी कळलं नव्हतं. ओळख पटू नये म्हणून तपशील आणि आकडे बदलले आहेत. गणितं मात्र इथे दिलेल्या आकड्यांवर बसतील अशीच ठेवली आहेत. वाचणाऱ्याने कागद घेऊन ताडून पाहावीत.

अभ्यास काय होता

ज्यांच्या घरातून पहिल्यांदाच कुणी महाविद्यालयात आलं आहे, अशा विद्यार्थ्यांना तिथे आपलेपणा वाटतो का, की परकं वाटतं, हा तिचा विषय. प्रश्नावलीत १२ विधानं, प्रत्येकाला १ ते ५ गुण, म्हणजे एकूण गुण १२ ते ६० च्या दरम्यान. ११६ फॉर्म भरून आले होते: पहिल्या पिढीतले ५२, बाकीचे ६४. पहिल्या गटाची सरासरी ३८.१, प्रमाण विचलन (म्हणजे गुणांचा पसारा) ७.६. दुसऱ्याची सरासरी ४१.०, प्रमाण विचलन ७.४. फरक २.९.

सॉफ्टवेअरने टीची किंमत २.०७ दिली आणि पी-मूल्य ०.०४१. तिने तक्ता उतरवला, ०.०४१ हे ०.०५ या रूढ मर्यादेपेक्षा लहान आहे हे पाहिलं आणि प्रकरण संपवलं.

मी तिला पहिला प्रश्न विचारला तो पी-मूल्याबद्दल नव्हताच. मी म्हणाले, "समज, तू हेच सर्वेक्षण पुढच्या महिन्यात पुन्हा केलंस. तेच महाविद्यालय, तीच प्रश्नावली, ११६ च मुलं, पण मुलं वेगळी. फरक किती येईल?"

"२.९ च येईल ना, मॅडम. नाही आला तर माझा डेटा चुकला असं होईल."

सगळी अडचण या उत्तरात होती. तिच्या दृष्टीने २.९ हा महाविद्यालयाचा गुणधर्म होता, जसं एखाद्या इमारतीची उंची असते. हा आकडा ज्या ११६ जणांनी फॉर्म भरला त्यांच्यावर अवलंबून आहे, दुसरे ११६ असते तर तो १.४ किंवा ४.२ ही निघाला असता, ही कल्पनाच तिच्या मनात तयार झाली नव्हती. आणि ती नसेल तर पी-मूल्य, प्रमाण त्रुटी, विश्वास अंतराल यातल्या एकाही शब्दाला अर्थ उरत नाही. हे सगळे शब्द "दुसऱ्यांदा केलं असतं तर काय आलं असतं" या एकाच प्रश्नाची उत्तरं आहेत. आम्ही शिक्षक प्रश्न विचारायचा विसरतो आणि उत्तरांची सूत्रं पाठ करून घेतो.

दहा चिठ्ठ्या

संगणक बंद ठेवायला सांगितला. दोन गठ्ठ्यांतून न बघता पाच-पाच फॉर्म काढले. पहिल्या पिढीतल्या पाच जणांचे गुण आले ३१, ३४, ३५, ३८, ४२. बेरीज १८०, सरासरी ३६. इतर पाच जणांचे ३७, ४०, ४१, ४३, ४४. बेरीज २०५, सरासरी ४१. फरक ५ गुणांचा.

तिने पाठकोऱ्या कागदाच्या दहा चिठ्ठ्या केल्या आणि प्रत्येकीवर एक गुण लिहिला. गटाचं नाव मात्र लिहायचं नाही, असं मी बजावलं होतं. "आता असं धर," मी म्हणाले, "की पहिल्या पिढीतलं असण्या-नसण्याचा आपलेपणाशी काडीचाही संबंध नाही. हा ३१ वाला मुलगा कुठल्याही गठ्ठ्यात असता तरी त्याचे ३१ च आले असते. मग हे पाच इकडे आणि ते पाच तिकडे, ही निव्वळ वाटणी झाली. चिठ्ठ्या पिस आणि पाच-पाच वाटून दाखव."

तिने वाटल्या. फरक आला १.४. पुन्हा पिसल्या. या वेळी फरक उलट्या दिशेने, ०.६. असं करत करत ती वहीत एकाखाली एक फरक लिहीत गेली. पंधराव्या-सोळाव्या वाटणीनंतर ती हळूहळू पिसू लागली आणि प्रत्येक वेळी आकडा येण्याआधी अंदाज बांधू लागली. ४० वाटण्या झाल्या तेव्हा ५ किंवा त्याहून जास्त फरक, कुठल्याही दिशेने, ४ वेळा आला होता.

"म्हणजे काही संबंध नसतानासुद्धा ४० पैकी ४ वेळा ५ चा फरक येतो?"

"तुझ्या हाताने आला ना?"

मग मी तिला विचारलं की एकूण वाटण्या किती असू शकतात. दहातून पाच निवडायचे, म्हणजे २५२. या सगळ्या मोजता येतात, फक्त चिकाटी हवी. पहिल्या गटाची बेरीज १८० किंवा त्याहून कमी असेल अशा वाटण्या शोधायच्या. सगळ्यात लहान पाच गुण ३१, ३४, ३५, ३७, ३८, त्यांची बेरीज १७५. तिथून एकेक चिठ्ठी बदलत वर जायचं. ३१ वगळला तर उरलेल्या लहानांत लहान पाचांची बेरीज १८४ होते, म्हणजे ३१ हवाच. ३४ वगळला तरी बेरीज १८१, म्हणजे तोही हवा. अर्ध्या तासात तिने अशा नऊ वाटण्या काढल्या. उलट्या दिशेच्याही तेवढ्याच, नऊ. २५२ पैकी १८, म्हणजे सुमारे ७ टक्के.

या ७ टक्क्यांना पी-मूल्य म्हणतात, हे मी तिला इथे सांगितलं. व्याख्या आधी दिली नव्हती. संबंध नाही असं धरून चाललो तर, आपल्याला दिसला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक किती वेळा दिसेल, त्याचं ते प्रमाण. "तर" हा शब्द तिने वहीत दोनदा अधोरेखित केला.

आणि लगेच तिला दुसरं काही दिसलं. "एकाच बाजूच्या नऊ मोजल्या तर ३.६ टक्के होतात, मॅडम. ०.०५ च्या खाली!"

हा मोह फार खरा आहे आणि तो आपणहून तिच्या तोंडून निघाला याचं मला बरं वाटलं. मी तिला संशोधनाचा मंजूर आराखडा काढायला सांगितला. त्यात पहिली परिकल्पना अशी होती: "दोन गटांच्या आपलेपणात सार्थक फरक आढळतो." सार्थक म्हणजे ज्याचं पी-मूल्य ०.०५ च्या खाली येतं असा. कोणाचा जास्त, कोणाचा कमी, काही लिहिलेलं नव्हतं. डेटा येण्याआधी दिशा ठरवली नव्हती, तेव्हा आता आकडे पाहून ती ठरवता येणार नाही. उलट्या दिशेने ५ चा फरक आला असता तर तिने तोही सार्थकच म्हटला असता. म्हणून दोन्ही बाजू मोजायच्या. एकपुच्छ आणि द्विपुच्छ चाचणीतला फरक मी वर्गात घंटेसारख्या वक्राची आकृती काढून शिकवते. तो तिला त्या नऊ आणि अठराच्या मोजणीत जितका कळला तितका फळ्यावरच्या आकृतीत कळला नव्हता.

पत्त्यांवर हेच करणारा माणूस

इथे थोडं आडवळण घेते, कारण तिला चिठ्ठ्यांचा उद्योग बालिश वाटेल अशी मला धास्ती होती आणि ही हकिकत मी तिला तेव्हाच सांगितली.

टी-चाचणी ज्याच्या नावाने ओळखली जाते तो "स्टुडंट" म्हणजे विल्यम गॉसेट. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कंपनीत तो काम करायचा. थोड्याच नमुन्यांवरून निर्णय घ्यायची वेळ त्याच्यावर रोज येई आणि तोवरचं संख्याशास्त्र मोठ्या नमुन्यांसाठी घडलेलं होतं. १९०८ साली त्याने टोपणनावाने जो निबंध छापला त्यात गणिताबरोबर एक प्रयोगही आहे. ३००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी त्याने पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर लिहिली, पत्ते नीट पिसले आणि चार-चारचे ७५० नमुने केले. गणिताने काढलेला वक्र या ७५० नमुन्यांशी जुळतो का, हे त्याने तपासलं. टी-तक्त्याच्या मुळाशी पिसलेल्या पत्त्यांचा ढीग आहे. आता तेच काम संगणक डोळ्याचं पातं लवायच्या आत करतो आणि म्हणूनच शिकणाऱ्याला ते दिसत नाही.

ढिगातून पुन्हा पुन्हा

पुढच्या भेटीत आम्ही ११६ फॉर्मच्या ढिगालाच समष्टी, म्हणजे ज्याच्याबद्दल जाणून घ्यायचं तो संपूर्ण समूह, मानलं. या ढिगाची खरी सरासरी आपल्याला ठाऊक आहे: ३९.७. प्रमाण विचलन ७.६. आता न बघता एक फॉर्म काढायचा, गुण टिपायचा, फॉर्म परत ठेवायचा, ढीग पिसायचा. असं दहा वेळा केलं की दहाचा एक नमुना. त्याची सरासरी आलेख-कागदावर एक ठिपका.

असे ३० ठिपके तिने घरून करून आणले. सगळ्यात डावा ३५.१ वर होता, सगळ्यात उजवा ४४.३ वर, आणि दाटी ३९-४० च्या आसपास. मी काही बोलण्याआधी ती म्हणाली, "मुलांचे गुण २० पासून ५५ पर्यंत पसरलेत, पण सरासऱ्या एवढ्या पसरत नाहीत."

प्रमाण विचलन आणि प्रमाण त्रुटी यांतला फरक इतक्या साध्या शब्दांत मी कुठल्याही पाठ्यपुस्तकात वाचलेला नाही. माणसांचा पसारा म्हणजे प्रमाण विचलन, सरासऱ्यांचा पसारा म्हणजे प्रमाण त्रुटी. पहिल्याला नमुन्याच्या संख्येच्या वर्गमुळाने भागलं की दुसरी मिळते: दहाच्या नमुन्याला ७.६ भागिले ३.१६, म्हणजे २.४. नमुना ४० चा केला तर १.२. नमुना चौपट केल्यावर त्रुटी निम्मी होते, पाव नव्हे. सर्वेक्षणाला निघालेल्या प्रत्येकाने ही गोष्ट घराबाहेर पडण्याआधी मनात पक्की करायला हवी. फॉर्म दुप्पट करून अचूकता दुप्पट होईल असं समजून किती तरी मुलं उन्हातान्हात वणवण करतात.

मग तिने प्रत्येक नमुन्याच्या सरासरीभोवती ९५ टक्के विश्वास अंतराल, म्हणजे खरी किंमत ज्यात असावी असा पट्टा, काढलं. एवढं काम एक्सेलला दिलं. तीस आडव्या रेघा एकाखाली एक, आणि ३९.७ वर उभी लाल रेघ. २८ रेघांनी ती लाल रेघ ओलांडली, दोन चुकल्या. येर्झी नेमन यांनी १९३७ मध्ये विश्वास अंतरालाची जी मांडणी केली तिचं सार त्या कागदावर होतं. ९५ टक्के हा आकडा अंतराल काढण्याच्या पद्धतीचा आहे. ही पद्धत वारंवार वापरली तर शंभरातली ९५ अंतरालं खऱ्या किमतीला धरतात. हाताशी असलेल्या एका अंतरालात खरी किंमत असते किंवा नसते. आपलं कुठल्या जातीचं आहे हे आपल्याला दिसत नाही. खऱ्या संशोधनात लाल रेघ नसते आणि आडवी रेघही एकच असते.

आता आम्ही तिच्या मूळ फरकाकडे परतलो. फरकाची प्रमाण त्रुटी: ७.६ चा वर्ग भागिले ५२, अधिक ७.४ चा वर्ग भागिले ६४, या बेरजेचं वर्गमूळ. येतं १.४०. २.९ भागिले १.४० म्हणजे २.०७, सॉफ्टवेअरची टी. फरकाचं ९५ टक्के विश्वास अंतराल ०.१ ते ५.७.

हे अंतराल तिने बराच वेळ पाहिलं. ४८ गुणांच्या पट्टीवर ०.१ चा फरक म्हणजे जवळपास काहीच नाही. ५.७ म्हणजे डोळ्यांत भरण्यासारखा. तिचा डेटा या दोन्हींना सारखाच चालवून घेत होता. "सार्थक" हा एक शब्द लिहून तिने ही सगळी अनिश्चितता झाकून टाकली होती, आणि ते तिला मी न सांगता कळलं.

९५.९ टक्क्यांचं वाक्य

इतकं झाल्यावर मी तिच्यासमोर तिचं जुनं वाक्य ठेवलं. चूक कुठे आहे हे तिला जाणवत होतं, पण बोट ठेवता येत नव्हतं. मी विचारलं, "पदव्युत्तर वर्गातला प्रत्येक जण पदवीधर असतो. मग प्रत्येक पदवीधर पदव्युत्तर वर्गात असतो का?"

पी-मूल्य सांगतं: शून्य परिकल्पना खरी असेल तर असा डेटा किती दुर्मीळ. तिने ते उलटं वाचलं होतं: असा डेटा असेल तर शून्य परिकल्पना खरी असणं किती दुर्मीळ. दोन वेगळे प्रश्न, आणि दुसऱ्याचं उत्तर पहिल्यातून निघत नाही. त्यासाठी ती परिकल्पना आधी कितपत संभवनीय होती हेही माहीत असावं लागतं. ही गफलत इतकी सार्वत्रिक आहे की अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ साली पी-मूल्यावर स्वतंत्र निवेदन काढलं. त्यातल्या सहा तत्त्वांपैकी एक हेच आहे: परिकल्पना खरी असण्याची शक्यता पी-मूल्य मोजत नाही, आणि डेटा केवळ योगायोगाने आला असण्याची शक्यताही मोजत नाही.

०.०५ ची रेषा कुठून आली, हेही तिने विचारलं. रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ च्या संशोधकांसाठीच्या पुस्तकातून ती रूढ झाली. वीसात एक ही मर्यादा त्यांना सोयीची वाटली. ती निसर्गाने आखलेली नाही. ०.०४९ ला आनंद आणि ०.०५१ ला सुतक, असं जे आपल्याकडच्या प्रबंधांत चालतं त्याला संख्याशास्त्रात आधार नाही.

वसतिगृहाचं पान

चौथ्या प्रकरणात आणखी एक पान होतं आणि ते तिचं सगळ्यात आवडतं होतं. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांचा शिक्षकांशी संवाद अधिक असतो, पी-मूल्य ०.०३. त्यावर तिने मनापासून लिहिलं होतं: घरापासून दूर असल्यामुळे शिक्षकच आधार वाटतात, संध्याकाळी वाचनालयात भेट होते, वगैरे. वाचताना पटत होतं.

"ही तुलना आराखड्यात होती?"

नव्हती. मुख्य चाचणीनंतर तिने लिंग, शाखा, राहण्याची जागा, कामधंदा आणि प्रश्नावलीचे उपविभाग यांच्या जोड्या लावून आणखी १३ चाचण्या केल्या होत्या. त्यातली ही एक लागली. बारा लागल्या नाहीत, आणि त्या बारांचा लघुप्रबंधात उल्लेखही नव्हता.

आम्ही हिशोब मांडला. कुठेही काही फरक नसेल तर एका चाचणीत खोटा इशारा न येण्याची शक्यता ०.९५. चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या तर तेराही शांत राहण्याची शक्यता ०.९५ चा तेरावा घात, ०.५१. म्हणजे निदान एक तरी खोटा इशारा येण्याची शक्यता ४९ टक्के. नाणं उडवल्यासारखं. चाचण्या जितक्या जास्त तितकी मर्यादा कडक करणारी बोनफेरोनीची सुधारणा लावायची तर ०.०५ ला १३ ने भागून ०.००३८ ही नवी मर्यादा होते, आणि ०.०३ तिच्या जवळपासही जात नाही.

तिला वाईट वाटलं. आम्ही ते पान फाडलं नाही. "शोधक निरीक्षणे" असा उपविभाग केला, तेराच्या तेरा चाचण्या तक्त्यात मांडल्या आणि वसतिगृहाचं निरीक्षण पुढच्या अभ्यासासाठी प्रश्न म्हणून ठेवलं. स्पष्टीकरणाचा परिच्छेद मात्र काढला. डेटात जे पक्कं नाही त्याचं कारण आपण किती सहज रचतो, हे तिला त्या पानामुळे दिसलं. सामाजिक शास्त्रांत हा धोका मला सर्वांत मोठा वाटतो: आपल्याकडे सिद्धान्त भरपूर असतात आणि कुठल्याही आकड्याला त्यातला एखादा फिट्ट बसतोच.

चार वर्ग

यानंतरचा मुद्दा सगळ्यात जड होता आणि तो कुठल्याच चाचणीत दिसत नव्हता. फॉर्म कसे भरून घेतले, असं मी विचारलं. तिने चार तासिकांना शिक्षकांची परवानगी काढून वर्गातच फॉर्म वाटले होते. आम्ही गठ्ठा वर्गवार लावला. पहिल्या पिढीतल्या ५२ पैकी ३९ जण फक्त दोन वर्गांतले निघाले.

आता २.९ चा फरक दोन गटांतला, की दोन वर्गजोड्यांतला? त्या दोन वर्गांत कदाचित शिक्षक तुसडे असतील, तासिका गैरसोयीच्या असतील, वर्गात गर्दी असेल. तसं असेल तर तिथे कुणालाही परकंच वाटेल, पहिली पिढी असो वा पाचवी.

शिवाय एकाच वर्गातली मुलं एकमेकांसारखी उत्तरं देतात. टी-चाचणी प्रत्येक फॉर्म स्वतंत्र साक्षीदार धरते. वर्गातलं साधर्म्य किती हे मोजणारा सहसंबंध असतो. उदाहरणापुरता तो फक्त ०.०५ धरू. एका वर्गात सरासरी २९ फॉर्म. मग १ अधिक २८ गुणिले ०.०५, म्हणजे २.४. एकूण सरासरीचा अंदाज बांधण्यापुरतं बोलायचं तर ११६ फॉर्मचं वजन ११६ भागिले २.४, सुमारे ४८ स्वतंत्र फॉर्मइतकंच भरतं. दोन्ही गट प्रत्येक वर्गात सारखे मिसळलेले असते तर गटांच्या तुलनेला एवढा धक्का बसला नसता. इथे ते मिसळलेले नव्हते.

"अजून फॉर्म भरून घेऊ का? दोनशे करते," ती म्हणाली. त्याच चार वर्गांतून? मी तिला १९३६ ची लिटररी डायजेस्टची गोष्ट सांगितली. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीआधी या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, २० लाखांहून जास्त भरून परत आल्या. अंदाज निघाला की लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्टना जवळपास ६१ टक्के मतं पडली. पत्ते टेलिफोन आणि मोटारींच्या याद्यांसारख्या ठिकाणांहून घेतलेले, आणि उत्तर पाठवणारे न पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळे. प्रमाण त्रुटीचं सूत्र लावलं असतं तर ती नगण्य आली असती. सूत्र फक्त यदृच्छ चढउतार मोजतं. माणसं निवडण्यातला कल त्याला दिसत नाही.

नवं लिखाण

तक्ता ७ खालचा मजकूर तिने चार वेळा लिहिला. शेवटचा असा:

"पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यांची आपलेपणाची सरासरी (३८.१) इतरांपेक्षा (४१.०) २.९ गुणांनी कमी आढळली. फरकाचे ९५ टक्के विश्वास अंतराल ०.१ ते ५.७ असून पी-मूल्य ०.०४१ आहे. ही तुलना आराखड्यात मुख्य परिकल्पना म्हणून नोंदलेली होती. नमुना सोयीनुसार निवडलेला व चार वर्गांपुरता आहे. पहिल्या पिढीतील ५२ पैकी ३९ विद्यार्थी दोनच वर्गांतील असल्याने गटांतील फरक आणि वर्गांतील फरक वेगळे करता आलेले नाहीत. चाचणीत प्रत्येक प्रतिसाद स्वतंत्र मानला आहे. वर्गातील साधर्म्य विचारात घेतल्यास अंतराल अधिक रुंद होण्याची शक्यता आहे."

पूर्वीची दोन वाक्यं गेली आणि ही सात आली. मौखिक परीक्षेला हे चालेल का, अशी धाकधूक तिला होती. मलाही होती, कारण "परिकल्पना स्वीकारली" किंवा "फेटाळली" एवढंच वाचायची सवय अनेकांना असते.

बहिस्थ परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं. "म्हणजे परिकल्पना सिद्ध झाली की नाही? एका शब्दात सांगा."

"एका शब्दात नाही सांगता येणार, सर. फरक मुळात नसता तर एवढा फरक क्वचित दिसला असता, एवढं सांगू शकते. तो पहिल्या पिढीमुळे आहे की त्या दोन वर्गांमुळे, हे माझ्या नमुन्यातून कळत नाही."

"मग कळण्यासाठी काय करायला हवं होतं?"

तिने शेवटचं पान काढलं. आम्ही आदल्या आठवड्यात तिथे एक छोटं गणित लिहिलं होतं. तीन गुणांचा फरक शोधायचा, प्रमाण विचलन साधारण ७.५, म्हणजे फरक ०.४ प्रमाण विचलनाचा. खरोखर एवढा फरक असेल तर तो पाचपैकी चार वेळा हाती लागावा, अशी अपेक्षा ठेवली तर ढोबळ नियमाने १६ ला ०.४ च्या वर्गाने भागायचं. प्रत्येक गटात १००. तेही यादीतून यदृच्छ निवडलेले, आणि दोन्ही गटांतले विद्यार्थी प्रत्येक वर्गातून.

"आणि हे आधी का नाही केलं?"

"फॉर्म वाटताना हा प्रश्न मला माहीत नव्हता, सर."

त्यांनी समासात काहीतरी टिपून घेतलं आणि दुसऱ्या प्रकरणाकडे वळून प्रश्नावलीच्या भाषांतराबद्दल विचारायला सुरुवात केली.